वय झाल्यावर दहावी-बारावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संध्याकाळी मोठ्या माणसांचा वर्ग घेताना, आणि त्याहून जास्त व्हॉट्सअ‍ॅपवर, हे प्रश्न फिरून फिरून येतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाईप करण्यापेक्षा सगळे एका ठिकाणी लिहून ठेवले आहेत. नियम मुख्यतः महाराष्ट्र राज्य मंडळाचे आहेत. शुल्क आणि तारखा दर वर्षी बदलतात, म्हणून इथे दिलेल्या नाहीत. त्या मंडळाच्या प्रकटनातच पाहा, पुढे ढकललेल्या मेसेजमध्ये नको.

१. शाळा सोडून वीस-पंचवीस वर्षं झाली. आता दहावीला बसता येतं का? वयाची अट काय?

बसता येतं. अट खालच्या वयाची आहे, वरच्या वयाची नाही. चौदा वर्षं पूर्ण आणि किमान पाचवी पास, एवढं असलं की राज्य मंडळाच्या दहावीला खासगी विद्यार्थी म्हणून नाव नोंदवता येतं. तीस, पंचेचाळीस, साठ, सगळे चालतात.

धोंडो केशव कर्वे मुरुडहून चालत साताऱ्याला परीक्षेला गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना बसू दिलं नाही. पुढे कोल्हापूरला ती परीक्षा देऊन ते पास झाले. तुमची अडचण नेमकी उलटी आहे, आणि तुम्हाला अडवणारा नियम कुठेच नाही.

२. या वयात दहावी करून मिळणार काय?

हा प्रश्न बहुतेक वेळा विचारणाऱ्याचा नसतो, घरातल्या कोणाचा तरी असतो. तरी उत्तर देतो. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस या दोन्ही पदांना आता बारावी लागते आणि बारावीची वाट दहावीवरून जाते. शिपाई किंवा सफाई कामगार म्हणून लागलेल्यांची बढती पुष्कळदा या एका कागदापाशी अडते. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ येतं, म्हणजे नोकरीसाठी आखातात जाताना एमिग्रेशनची, म्हणजे देशाबाहेर कामाला जाण्याची, सरकारी परवानगी वेगळी काढावी लागते. रत्नागिरी-रायगडकडच्या घरांना हे सांगायला नको.

आणि काहींना यातलं काहीच नको असतं. मुलाच्या शाळेत फॉर्मवर ‘आईचे शिक्षण’ या रकान्यात काही लिहायचं असतं, बस. तेही कारण पुरेसं आहे. कोणाला पटवून देत बसू नका.

३. सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे काय?

शाळेत नियमित न जाता दहावी किंवा बारावीला बसण्यासाठीचा नावनोंदणी अर्ज. तो मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा असतो, साधारण पावसाळ्यात. मुदत संपली तर विलंब शुल्क भरून थोडे दिवस मिळतात, पण त्या भरवशावर राहू नका. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार, फोटो, मोबाइल नंबर आणि ई-मेल लागतो. अर्ज भरताना तुमच्या भागातली एक शाळा तुमचं संपर्क केंद्र म्हणून ठरते. अर्जाची प्रिंट आणि मूळ कागद तिथे नेऊन द्यायचे.

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. सतरा नंबर भरला म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला असं नाही. ही फक्त नोंदणी. परीक्षेचं आवेदनपत्र आणि त्याचं शुल्क नंतर त्याच शाळेमार्फत भरावं लागतं. नोंदणी केली, पावती कपाटात ठेवली आणि फेब्रुवारीत हॉल तिकीट मागायला गेले, असं होऊ देऊ नका. दिवाळीच्या आसपास शाळेत एक फेरी मारून कारकुनाला विचारून या.

४. पहिलं काम कोणतं? थोडा अभ्यास करून बघू आणि जमतंय असं वाटलं तर फॉर्म भरू का?

नाही. आधी दाखला, मग फॉर्म, मग पुस्तक.

हे जरा ठासून सांगतो, कारण याच ठिकाणी सगळ्यात जास्त माणसं गळतात. ‘आधी मनाची तयारी करते’, ‘धाकटीचं बालवाडीचं वर्ष होऊ दे’, ‘गणित जमतंय का बघतो’ म्हणणाऱ्यांची दोन-तीन वर्षं सहज जातात. तयारी झाल्याशिवाय फॉर्म नाही आणि फॉर्म नाही म्हणून अभ्यासाला बसावंसं वाटत नाही. पैसे भरून पावती हातात आली की घरातली कामंसुद्धा आपोआप सरकतात, कारण आता तारीख आहे. ‘मी शिकणार आहे’ हे सणावाराला बोलायचं वाक्य राहतं. ‘माझी परीक्षा आहे’ म्हटलं की लोक पाहुणे बोलवायच्या आधी विचारतात.

म्हणून या आठवड्यात करायचं काम एकच: शेवटची शाळा जिथे सोडली तिथे जा, किंवा गावी कोणाला तरी पाठवा, आणि दाखला ताब्यात घ्या. एसटीचं तिकीट काढलंत की सुरुवात झाली.

५. दाखला हरवला आहे. शाळाही बंद पडली असं ऐकलं.

दाखला हरवणं ही अडचण मोठी नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तुमची नोंद असते, तिच्यावरून दुय्यम प्रत मिळते. अर्ज आणि प्रतिज्ञापत्र लागतं. जाताना प्रवेशाचं आणि शाळा सोडल्याचं अंदाजे साल, तेव्हाचं पूर्ण नाव आणि शक्य असेल तर त्याच वर्गातल्या कोणाचा तरी दाखला घेऊन जा. त्यावर रजिस्टर नंबर असतो, त्याच्या मागे-पुढे तुमचं नाव लवकर सापडतं.

शाळा जिल्हा परिषदेची असेल आणि बंद झाली असेल तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. खासगी शाळा असेल तर जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे. रेकॉर्ड बहुधा जवळच्या शाळेत हलवलेलं असतं. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारलं तर ‘साहेब मीटिंगला गेलेत’ हे उत्तर ठरलेलं आहे.

६. माझी शाळा तिसरीतच सुटली. मैत्रीण तर कधी गेलीच नाही.

मग सतरा नंबर नाही, दुसरा रस्ता. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळात पाचवी आणि आठवी या पातळ्यांवरही परीक्षा देता येते. तिसरीत सुटलेल्यांनी तिथून सुरुवात करावी. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, दहावीच्या पातळीला ‘हा अभ्यासक्रम झेपेल इतकं मला येतं’ अशा स्वतःच्या घोषणापत्रावरही प्रवेश देतं.

पण अक्षरओळखच नसेल तर आधी वाचायला शिका, मंडळं पळून जात नाहीत. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिलादिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून आज्या पाटी-दप्तर घेऊन बसतात. तिथे कोणी बोर्डाचं नाव काढत नाही.

७. राज्य मंडळ बरं की एनआयओएस?

दोन्हींची प्रमाणपत्रं चालतात. फरक कसा पडतो ते पाहा.

राज्य मंडळाची पुस्तकं ओळखीची, घरातल्या मुलांची तीच, शेजारची ताई शिकवू शकते, मागच्या प्रश्नपत्रिका कुठेही मिळतात. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम सगळ्या विषयांची. ३५ टक्क्यांना पास.

एनआयओएसची परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात नऊ संधी मिळतात. एका वेळी दोन विषय, मग पुढच्या वेळी एक, असं सावकाश करता येतं. पासाची रेषा ३३. विषय निवडायला वाव जास्त, आणि गणित घेतलंच पाहिजे असं नाही.

माझं मत: ज्याची पाळी बदलती आहे, जिच्या घरी आजारी माणूस आहे किंवा तान्हं मूल आहे, त्यांनी एनआयओएस. बाकीच्यांनी राज्य मंडळ. ‘सावकाश करू’ म्हणणाऱ्यांचं सावकाश फार लांबतं.

८. गणितामुळेच शाळा सोडली होती. आता कसं होणार?

तुम्ही सोडलेलं गणित आणि आत्ताचं गणित एकच नाही, आणि तुम्हीही तेव्हाचे नाही. २०१८ पासूनच्या दहावीच्या पुस्तकात भाग १ मध्ये ‘अर्थनियोजन’ नावाचा धडा आहे: जीएसटी, शेअर, म्युच्युअल फंड. पंधरा वर्षांच्या मुलाला हा धडा रूक्ष वाटतो. आमच्याकडे येणाऱ्या, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एका ताईंनी तो दोन बैठकींत संपवला. बिलात सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी, अर्धा-अर्धा का दाखवतात हे त्यांना आधीच माहीत होतं, फक्त ते पायऱ्या-पायऱ्यांनी कागदावर मांडायचं होतं. तसंच अंकगणिती श्रेढीचं. पहिल्या महिन्यात शंभर, दुसऱ्यात दीडशे, तिसऱ्यात दोनशे, वर्षाअखेर किती साठले? हे बचत गटातल्या बायका तोंडी सांगतात. मग सूत्र लिहायचं: पहिलं पद शंभर, सामान्य फरक पन्नास, पदं बारा. उत्तर ४५००.

रचना अशी आहे: दोन पेपर, चाळीस-चाळीस गुणांचे, आणि वीस गुण अंतर्गत. भाग १ मध्ये श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी आधी पक्कं करा, वर्गसमीकरणं नंतर. भाग २ मध्ये भौमितिक रचना आणि पायथागोरस आधी. त्रिकोणमिती शेवटी, वेळ उरला तर. अंतर्गत वीस गुणांसाठी संपर्क केंद्र बोलावेल तेव्हा जा. काम आहे म्हणून ती फेरी चुकवणारे नंतर चार मार्कांसाठी रडतात.

एवढं करूनही गणित नकोच असेल तर प्रश्न ७ पाहा. मात्र पुढे आयटीआयच्या तांत्रिक ट्रेडकडे जायचं असेल तर गणित-विज्ञान सोडू नका.

९. आणि इंग्रजी?

वाटतं तितकं अवघड नाही. उतारा पेपरातच छापलेला असतो आणि बरीच उत्तरं त्यातच असतात. पत्र, जाहिरात, संवाद यांचे साचे पाठ करा, रोज पाच वाक्यं हाताने लिहा.

१०. घर आणि नोकरी सांभाळून किती वेळ द्यावा लागेल?

ऑगस्टमध्ये सुरुवात केली तर हाती साधारण सहा महिने. रोज दीड तास पुरतो, पण रोज. रविवारी सहा तास बसू म्हणणाऱ्यांचा रविवार लग्नाला, बारशाला आणि पाहुण्यांना जातो.

वेळ कुठून काढायचा हे ज्याचं त्याला ठाऊक. पहाटे नळाला पाणी यायच्या आधी, लोकलमध्ये बसायला मिळालं तर, दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना. एकच सांगतो: रात्रीचं जेवण झाल्यावर, सगळं आवरून, अशी वेळ धरू नका. तेव्हा पुस्तक उघडतं आणि डोळे मिटतात. पुस्तकांचा खर्चही नको असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट आहेत, पण मोबाइलवर अभ्यास करणं मोठ्यांनाही सोपं नाही. जुनी पुस्तकं शेजारच्या मुलांकडून मागून घ्या.

मुंबई-पुण्यात असाल तर रात्रशाळेची चौकशी करा. आठवी ते दहावी, संध्याकाळी, काम करणाऱ्यांसाठीच. महात्मा फुल्यांनी कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली १८५५ मध्ये, तेव्हा ही कल्पना काही नवी नाही.

११. येतं सगळं, पण लिहायचा हात राहिला नाही.

हे कोणी आधी सांगत नाही आणि पेपर त्यामुळेच जातो. सही आणि किराणा यादीपलीकडे वर्षानुवर्षं काही लिहिलेलं नसतं. ऐंशी गुणांच्या पेपरला तीन तास सलग लिहायचं. पहिल्या सराव पेपरला पाऊण तासात अंगठ्याच्या मुळाशी कळ येते आणि अक्षर पसरायला लागतं. उपाय एकच, वाढवत नेणं: पहिला पंधरवडा रोज एक पान बघून लिहा, मग दोन, मग घड्याळ लावून अर्धा पेपर, जानेवारीत पूर्ण पेपर. जेल पेनपेक्षा साधं बॉलपेन हलकं पडतं. चष्म्याचा नंबरही दिवाळीच्या आधी तपासून घ्या.

१२. घरचे हसतील. नवरा म्हणतो, आता काय कलेक्टर व्हायचंय का?

हसतात. थोडे दिवस. पावती दाखवा आणि वाद घालू नका. मुलांना शिक्षक करा, त्यांना आईला शिकवायला फार आवडतं, ओरडायलाही मिळतं.

सासूबाईंचा विरोध बऱ्याचदा शिक्षणाला नसतो, संध्याकाळच्या चहाला कोण, हा खरा प्रश्न असतो. त्याचं उत्तर आधी ठरवून मग विषय काढा. आणि कोणी कायमच आडवं येत असेल तर सगळ्यांना सांगायलाच पाहिजे असंही नाही. हॉल तिकीट आल्यावर घरी सांगितलेल्या बायकाही आमच्या वर्गात बसून गेल्या आहेत.

१३. परीक्षा केंद्रावर सगळी पोरं. लाज वाटते.

पहिल्या दिवशी शिपाई ‘पालकांनी बाहेर थांबा’ म्हणणार, हे धरून चाला. हॉल तिकीट दाखवायचं आणि आत जायचं. मुलं स्वतःच्याच पेपरच्या धास्तीत असतात, तुमच्याकडे बघायला त्यांना सवड नसते. पेपर अकराचा असेल तर साडेदहाला केंद्रावर असा. आसन क्रमांक अक्षरी आणि अंकी दोन्हीत लिहायचा असतो, बारकोडचं स्टिकर पर्यवेक्षक सांगतील तिथेच लावायचं. घाई नको. शेवटी दहा मिनिटं वाढवून मिळतात.

१४. ‘घरबसल्या एका महिन्यात दहावी, हमखास पास’ अशी जाहिरात पाहिली.

लांब राहा. अशा प्रमाणपत्रावरचं मंडळ बहुतेक वेळा कागदावरच असतं. फसवणूक कळते ती नोकरीत कागदपत्रांची पडताळणी होते तेव्हा, आणि मग नोकरीही जाते. राज्य मंडळाची नऊ विभागीय मंडळं आहेत: पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, लातूर आणि कोकण. शंका आली की आपल्या विभागात थेट विचारा. शिकवणी लावायला हरकत नाही, पण फॉर्म स्वतः भरा किंवा समोर बसून भरून घ्या, आणि मूळ दाखला क्लासवाल्याच्या हाती देऊ नका.

१५. मी पूर्वी दहावीला बसलो होतो, दोन विषय राहिले. सतरा नंबर भरू का?

लगेच भरू नका. एकदा परीक्षा दिलेला माणूस नवा खासगी विद्यार्थी धरला जात नाही, तो पुनर्परीक्षार्थी असतो. जुनी गुणपत्रिका घेऊन आधी त्या वेळच्या शाळेत जा. अभ्यासक्रम मधे बदलला असेल तर निर्णय विभागीय मंडळाचा, तिथून लेखी उत्तर घ्या. पूर्वी बसलोच नव्हतो असं दाखवून नवा अर्ज करण्याचा सल्ला देणारे भेटतील. जुना आसन क्रमांक नोंदीत असतो, उगाच अंगाशी येईल.

एनआयओएसमध्ये मान्यताप्राप्त मंडळातून आधी पास झालेल्या विषयांपैकी दोनपर्यंत गुण पुढे नेता येतात. तुमचे जास्त विषय सुटले असतील तर त्यात फारसा फायदा नाही.

१६. नापास झाले तर सगळं वर्ष गेलं का?

नाही. पुरवणी परीक्षा जून-जुलैमध्ये होते. राहिलेले विषयच द्यायचे, सुटलेले पुन्हा नाहीत. निकाल लागला की पहिले दोन दिवस वाईट वाटून घ्या, तिसऱ्या दिवशी शाळेत जाऊन पुरवणीचा फॉर्म विचारा. मुदत थोडी असते.

१७. दहावी न करता थेट बारावी करता येईल का?

नाही. दहावी झालीच पाहिजे, आणि सतरा नंबरने बारावीला बसायचं तर दहावीनंतर दोन वर्षांचं अंतर लागतं. मधल्या काळात हात सुटू देऊ नका. बारावीनंतर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून नोकरी करत पदवी घेता येते. १९८९ पासून ते याच कामाला आहे.

१८. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. जन्मतारीखही वेगळी.

प्रमाणपत्र शाळेच्या दाखल्यावरच्या नावाने येतं, म्हणजे माहेरच्या. त्यात चूक काही नाही. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नाव बदलाचं राजपत्र जोडीला ठेवा, म्हणजे दोन्ही नावांची सांगड लागते. जन्मतारीख जुळत नसेल तर दाखला बदलण्याच्या फंदात न पडता आधार दुरुस्त करा. आधारवर जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, म्हणून कागद नीट तपासूनच केंद्रावर जा. हे सगळं फॉर्मच्या आधी उरका, निकालानंतरची दुरुस्ती हा वेगळाच वनवास आहे.

१९. दिसायला कमी आहे / हात नीट चालत नाही. सवलत मिळते का?

दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर मिळते. तासाला वीस मिनिटं जादा वेळ, गरजेप्रमाणे लेखनिक. मागणी आवेदनपत्र भरतानाच करायची, पेपरच्या सकाळी नाही. फक्त वय झालं म्हणून मात्र सवलत नाही.

२०. मुलगा आणि मी एकाच वर्षी दहावीला. चालेल का?

नियमाची काहीच आडकाठी नाही. केंद्रं वेगळी येऊ शकतात, म्हणून पेपरच्या दिवशी कोणाला कोण सोडणार हे आधी ठरवा. दोघांचे पेपर त्याच दिवशी, त्याच वेळी, तेव्हा डबे आदल्या रात्री. त्याच्या चाचणीच्या मार्कांशी तुमचे मार्क कोणी जोडायला लागलं तर विषय बदला. त्याला त्याचा खूप त्रास होतो, तुमच्यापेक्षा जास्त. आणि पुस्तकांचे संच दोन घ्या, एकावर भागणार नाही.